वाचकांचे प्रश्न : जपानी घरांतली खोडकर बालभुते

गेल्या अंकात जपानच्या ईशान्य भागातील ‘झाशिकी-वाराशी’ या घरात वावरणाऱ्या बालभुताविषयी आम्ही एक छोटे टिपण छापले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवरून आली आहेत, आणि ज्या प्रदेशात मोठ्या घरांच्या अर्ध्या खोल्या वर्षातले दहा महिने बंद असतात तिथल्या वाचकांना हा विषय जवळचा वाटावा हे स्वाभाविक आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमचे कौलारू घर जुने आहे आणि रात्री माळ्यावर पावले वाजतात. सुट्टीत आलेली नात म्हणते, ते झाशिकी-वाराशी आहे, त्याला हाकलू नका, हाकलले तर घर बसेल. हे भूत आहे की देव? आणि ते नेमके काय करते? – एक आजी, गुहागर

उत्तर : आजी, माळ्यावरच्या पावलांचे आधी सांगतो. कौलारू घराच्या माळ्यावर रात्री धावणारे पाऊल बहुतेक वेळा कांडेचोराचे असते. एखादे कौल सरकलेले दिसले आणि माळ्यावर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा सापडली, तर दुसरा पुरावा शोधायला नको. नातीलाही ते दाखवावे. त्यामुळे तिची गोष्ट खोटी पडत नाही, कारण झाशिकी-वाराशीचे घर जपानात आहे आणि तिथल्या त्याच्या खुणा निराळ्या आहेत.

झाशिकी म्हणजे जपानी घरातली चटया अंथरलेली, पाहुण्यांसाठी राखलेली आतली खोली; अशा खोलीत वावरणारे मूल ते झाशिकी-वाराशी. तोहोकू विभागात, त्यातही इवाते प्रांतात, ही समजूत सर्वांत घट्ट रुजलेली आहे. त्याचे वय कोणी पाच-सहा वर्षांचे सांगतात, कोणी बारा-तेरा. चेहरा लालसर, केस कपाळावर सरळ कापलेले, कधी मुलगा, कधी मुलगी. खोड्या अगदी घरगुती आहेत. झोपलेल्या पाहुण्याची उशी उलटी करून ठेवणे, त्याच्या अंथरुणावर येऊन बसणे, बंद खोलीत झाडू फिरल्याचा किंवा सूत काढण्याचा चरखा फिरल्याचा आवाज करणे, चुलीच्या राखेत इवलीशी पावले उमटवणे, असे त्याचे उद्योग सांगितले जातात. ते घरातल्यांना इजा करत नाही, आणि ते आहे तोवर घराला बरकत असते. काही घरांत त्याच्यासाठी आझुकी नावाचे लाल कडधान्य घालून शिजवलेला भात रोज ठेवत असत. तो जसाच्या तसा राहू लागला, म्हणजे घरातले मूल निघायच्या तयारीत आहे असे समजत.

या समजुतीची सर्वांत महत्त्वाची लेखी नोंद १९१० सालची आहे. यानागिता कुनिओ हे जपानी लोकसाहित्याच्या अभ्यासाचे प्रवर्तक; त्यांनी इवातेमधल्या तोनो या डोंगरांनी वेढलेल्या भागातल्या ११९ कथा ‘तोनो मोनोगातारी’ या छोट्या पुस्तकात मांडल्या. त्या कथा त्यांना तोनोच्याच सासाकी किझेन या तरुणाने सांगितल्या होत्या. पुस्तकाच्या पहिल्या ३५० प्रतीच निघाल्या, पण आजही या विषयाचा शोध घेणारा माणूस प्रथम तिथेच जातो. सतराव्या कथेत सासाकींच्याच घरची हकीकत आहे. घरातली आई एकटी शिवण घेऊन बसली आहे. शेजारच्या खोलीतून कागद खसखसल्याचा आवाज येतो. ती खोली घरधन्याची, आणि घरधनी तोक्योला गेलेला. ती उठून फळीचे दार सरकवते, तर आत कोणी नाही. ती पुन्हा येऊन बसते, आणि थोड्या वेळाने पलीकडून नाक सुरसुरल्याचा आवाज येऊ लागतो. मग तिला कळते की हे झाशिकी-वाराशी असले पाहिजे, कारण त्या घरात ते राहते हे फार पूर्वीपासून सर्वांना ठाऊक होते. हकीकत इतकीच आहे. चाकरमानी मुंबईला आणि घरची बाई गावी, हे ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या पाहिले त्यांना त्या शिवणाऱ्या बाईचे कान कसे लागले असतील हे वेगळे सांगायला नको. त्याच कथेच्या शेवटी, ज्या घरात हा देव वस्तीला असतो ते घर धनधान्याने भरलेले राहते, असे वाक्य आहे. तेव्हा भूत की देव, या आपल्या प्रश्नाला तिथल्या लोकांनी दिलेले उत्तर ‘देव’ असेच आहे.

ते निघून गेल्यावर काय होते, याची कथा मात्र भीषण आहे. यामागुची मागोझाएमोन हे तिथले जुने धनाढ्य घराणे, आणि त्यांच्या घरी दोन मुलींच्या रूपातले झाशिकी-वाराशी असल्याची वदंता. एके वर्षी गावातला एक माणूस शहरातून परतत असताना त्याला पुलापाशी दोन अनोळखी मुली दिसल्या. त्या विचारात गढलेल्या होत्या. कुठून आलात, असे विचारल्यावर त्यांनी मागोझाएमोनचे घर सांगितले. कुठे निघालात, यावर दूरच्या एका गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्याचे नाव घेतले. त्या माणसाने मनात ओळखले की मागोझाएमोनचे दिवस भरले. त्यानंतर थोड्याच काळात त्या घराच्या आवारातल्या नासपतीच्या झाडाभोवती कधी न पाहिलेली अळंबी उगवली. ती खावी की नाही यावर घरात चर्चा झाली आणि घरधन्याने नको म्हटले. पण एका गड्याने सांगितले की पाण्यात टाकून तागाच्या काडीने ढवळली की कोणतीही अळंबी बाधत नाहीत. सर्वांनी ती खाल्ली, आणि वीसहून अधिक माणसे एका दिवसात गेली. सात वर्षांची एक मुलगी बाहेर खेळण्यात रमली होती आणि दुपारी जेवायला घरी यायचे विसरली, म्हणून तेवढी वाचली. घरावर असा आघात झालेला असताना दूरचे-जवळचे नातेवाईक येऊन, कोणी आपले येणे आहे म्हणून, कोणी आपल्याला शब्द दिला होता म्हणून, घरातले सगळे घेऊन गेले. मिसोचा साठासुद्धा त्यांनी मागे ठेवला नाही.

मला या कथेतला हा शेवटचा तपशील सर्वांत खरा वाटतो. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला रोजच्या जेवणातला पदार्थ; घरातले मीठ-लोणचे उचलून न्यावे, तसे ते आहे. विषारी अळंबी, भाऊबंदांची झोंबाझोंबी आणि घराण्याचा शेवट या सगळ्या माणसांच्या जगातल्या गोष्टी आहेत. त्या दोन मुलींनी काहीच केलेले नाही, त्या फक्त आधी निघाल्या.

प्रश्न : आमच्याकडे बायंगी घरात आणली की पैसा येतो असे म्हणतात. मुंजाही लहान मुलाचेच भूत. मग झाशिकी-वाराशी यांच्यापैकीच एक समजावे का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : वरवरचे साम्य आहे, पण आत शिरल्यावर वाटा वेगळ्या होतात. बायंगी, ती मानणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे, मांत्रिकाला पैसे मोजून आणावी लागते; ती दुसऱ्याच्या घरातले, दुसऱ्याच्या शेतातले आपल्याकडे ओढून आणते, आणि तिचे मागणे पुरवले नाही तर आणणाऱ्यालाच भोवते. झाशिकी-वाराशी विकत मिळत नाही, त्याला बोलावता येत नाही आणि धरूनही ठेवता येत नाही. मुंजा हा मुंज होऊन लग्नाआधी वारलेल्या मुलाचा जीव, आणि त्याची वस्ती पिंपळावर, म्हणजे घराच्या बाहेर. तो माणसांच्या जेवणाखाण्यात, झोपण्याउठण्यात मिसळलेला नाही.

मला विचाराल तर जवळचे नाते आपल्या राखणदाराशी आहे, कारण तोही जागेला बांधलेला, तोही वंशाच्या भल्याबुऱ्याशी जोडलेला, आणि त्यालाही वेळच्या वेळी वाडी, म्हणजे नैवेद्य, दाखवावी लागते. तरीही एक मोठा फरक राहतो आणि तो मला फार विचार करायला लावतो. राखणदार रागावला तर तो अडवतो, आजारपण देतो, रस्ता चुकवतो. मग आपण देवळात जातो, कौल लावतो, गाऱ्हाणे घालतो, चुकले असेल तर पदरात घे म्हणतो, आणि सहसा काही ना काही तोड निघते. झाशिकी-वाराशीकडे अशी तोड नाही. ते रागावल्याचे कोणी सांगत नाही, ते काही मागत नाही, त्याच्यापुढे बाजू मांडता येत नाही. पुलावर दिसले तेव्हा ते आधीच निघालेले असते.

प्रश्न : झाशिकी-वाराशी म्हणजे मारून टाकलेल्या अर्भकांचे आत्मे, असे मी वाचले. हे खरे आहे का? खरे असेल तर त्याला खोडकर म्हणणे मला जड जाते. – एक शिक्षिका, राजापूर

उत्तर : बाई, आपले जड जाणे योग्य आहे, आणि उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागेल.

तोहोकू हा जपानच्या मुख्य बेटाचा उत्तरेकडचा भाग. तिथे उन्हाळ्याच्या सुरुवातीला ईशान्येकडच्या समुद्रावरून ‘यामासे’ नावाचा थंड, दमट वारा येतो. तो लांबला की ऊन पडत नाही, भाताच्या लोंब्या भरत नाहीत, आणि पुढचे वर्ष उपाशी जाते. १७८२ नंतरच्या तेन्मेई दुष्काळात आणि १८३३ नंतरच्या तेन्पो दुष्काळात या भागात माणसे मोठ्या संख्येने मेली. आपल्याकडे पाऊस लांबला की लावणी खोळंबते आणि जिवाला घोर लागतो, त्यावरून त्या लोकांच्या अवस्थेची कल्पना करावी. मात्र त्यांच्यामागे मुंबईची मनिऑर्डर नव्हती. अशा काळात, आणि गरिबांच्या घरी एरवीही, जन्मलेले मूल वाढवायचे नाही असा निर्णय होत असे. संस्थानिकांनी त्याविरुद्ध हुकूम काढले, काही ठिकाणी गरोदर बायकांची नोंद ठेवली, मूल वाढवण्यासाठी मदतही देऊ केली. यावरूनच ही प्रथा किती पसरलेली होती ते दिसते.

सासाकी किझेन यांनी १९२० साली झाशिकी-वाराशीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अशी मुले स्मशानात न नेता घरातच, मातीच्या जमिनीच्या भागात किंवा स्वयंपाकघरात, कांडणाच्या उखळाखाली पुरत, आणि त्यांतून या समजुतीला वाट मिळाली असावी, असे त्यांच्या नोंदींवरून दिसते. त्यांनी या बालभुतांचे प्रकारही दिले आहेत. आतल्या चांगल्या खोलीत राहणारे, गोरेपान, देखणे ते चोपिराको. त्याच्याखालचे दोघे मातीच्या जमिनीवर राहतात : रात्री तिथून सरपटत वर येणारे नोताबारिको, आणि उखळात कांडल्यासारखा आवाज करणारे उसुत्सुकिको. उखळाखाली पुरलेले मूल रात्री उखळाचाच आवाज करते, हे वाचल्यावर पुढची ओळ वाचायला मला वेळ लागला.

यानागितांचा या विषयाकडे ओढा कसा वळला असेल, याचा एक धागा त्यांच्या बालपणात सापडतो. ते साधारण तेरा वर्षांचे असताना आजच्या इबाराकी प्रांतातल्या फुकावा गावी राहायला गेले. तिथल्या तोकुमान-जी या देवळात एक चित्रफळी आहे. डोक्याला पट्टी बांधलेली बाळंतीण नवजात अर्भकाला दाबून धरते आहे. मागच्या कागदी पडद्यावर तिची सावली पडली आहे आणि त्या सावलीला शिंगे आहेत. बाजूला जिझो, म्हणजे मुलांचा कैवारी मानला जाणारा बोधिसत्त्व, उभा राहून रडतो आहे. हे चित्र पाहून अंगावर काटा आल्याची आठवण यानागितांनी आयुष्यभर जपली.

तरीही झाशिकी-वाराशी म्हणजे मारलेले अर्भक, एवढेच समीकरण मी मांडणार नाही. ते तसे असते तर प्रत्येक गरीब घरात त्याचा वावर सांगितला गेला असता आणि ते सूड घेते असे म्हटले गेले असते. प्रत्यक्षात ते संपन्न घरांत सांगितले जाते आणि भरभराट देते. जपानात असेही म्हणत की सात वर्षांपर्यंत मूल देवांच्यातलेच असते. आपल्याकडेही तान्ह्या मुलाला दहन देत नाहीत, पुरतात, त्यामागे मोठ्या माणसाचे नियम त्याला लागू नाहीत ही भावना आहेच. म्हणून मला असे वाटते की घराचा देव मुलाच्या रूपात पाहण्याची जुनी कल्पना आणि पुरलेल्या मुलांची बोच या दोन्ही एकाच घरात नांदल्या, आणि लोकांनी त्या वेगळ्या केल्या नाहीत. ज्या मुलाला घरात जागा मिळाली नाही, त्याला घरातली सर्वांत चांगली खोली मिळाली, त्याच्यासाठी रोजचा भात निघाला आणि त्याच्या खोड्या कोणी मनावर घेतल्या नाहीत. त्या अर्थाने त्याला खोडकर म्हणण्यात निष्ठुरपणा नाही. ज्यांना खोड्या करायला वयच मिळाले नाही त्यांना ते देणे आहे.

प्रश्न : आम्ही मच्छीमार. आमच्याकडे खाडीत गिऱ्हा माणसाला चकवतो असे जुने लोक सांगतात. जपानात समुद्रावरचे असे एखादे पोर आहे का? – एक वाचक, हर्णै

उत्तर : आहे, आणि ते आपल्याला आवडेल. जपानच्या अगदी दक्षिणेला ओकिनावाची बेटे आहेत. तिथे गाजुमारू नावाच्या वडाच्या जातीच्या, पारंब्या सोडणाऱ्या झाडावर किजिमुना राहतो. अंगाने मुलाएवढा, केस लाल, आणि मासेमारीत तरबेज. एखाद्या माणसाशी त्याची मैत्री जमली की तो त्याच्याबरोबर रात्री समुद्रावर येतो आणि त्या रात्री होडी मासळीने भरते. स्वतःसाठी तो फक्त माशाचा डोळा काढून घेतो. त्यामुळे पकडलेल्या प्रत्येक माशाला एक डोळा कमी असतो, बाकी सगळी मासळी माणसाची.

अडचण पुढे येते. तो रोज रात्री हाक मारायला येतो आणि माणूस थकून जातो. किजिमुनाला माकुलाचा भाऊबंद जो ऑक्टोपस, त्याची मनस्वी किळस आहे. म्हणून मैत्री तोडायची असेल तर दारात ऑक्टोपस टांगतात. काही कथांत माणूस त्याचे झाडच जाळतो, आणि मग किजिमुना त्याचा पाठलाग करून सूड घेतो. गिऱ्हा परका असतो, त्याच्यापासून सावध राहायचे असते. किजिमुना सोबती असतो, आणि म्हणून त्याच्याशी केलेला दगा कथेत माफ होत नाही. उत्तरेकडच्या अमामी बेटांवर त्याचाच भाऊ शोभेल असा केनमुन सांगतात.

प्रश्न : झाशिकी-वाराशी पाहायला जाता येते का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : इवातेमधल्या निनोहे शहराच्या किन्दाइची या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी र्योकुफूसो नावाची पथिकशाळा त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बालदेवाचे नाव कामेमारो. तो कित्येक शतकांपूर्वी लहानपणीच आजाराने वारलेला त्या घराण्यातला मुलगा असल्याचे सांगतात. २००९ साली ती वास्तू आगीत जळाली, आवारातले त्याचे छोटे देऊळ बचावले, आणि २०१६ मध्ये पथिकशाळा पुन्हा उभी राहिली. पाहुणे त्याच्यासाठी खेळणी आणि बाहुल्या आणून ठेवतात. नशीब उघडावे म्हणून तिथे जाणे मला पटत नाही, कारण कथांप्रमाणे भाग्य घराला मिळते, एका रात्रीच्या पाहुण्याची फक्त उशी उलटते. खेळणे ठेवायला जायचे असेल तर अवश्य जावे.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. त्याला हे सांगावे का? रात्री घाबरेल का? – एक आजोबा, वेंगुर्ले

उत्तर : जरूर सांगावे, आणि सुरुवात मियाझावा केन्जी यांच्या गोष्टीने करावी. हे कवी आणि कथाकार इवातेमधल्याच हानामाकीचे. त्यांनी १९२६ साली झाशिकी-वाराशीचे चार छोटे प्रसंग लिहिले. त्यांतल्या एकात दहा मुले एका मोठ्या घरी पाहुणी आली आहेत आणि हात धरून, फेर धरून खेळत आहेत. अचानक ती अकरा होतात. एकही चेहरा अनोळखी नाही, कोणतेही दोन चेहरे सारखे नाहीत, तरी मोजली की अकराच. मोठी माणसे येऊन सांगतात की यातला जास्तीचा एक झाशिकी-वाराशी आहे. पण तो कोण? प्रत्येक मूल, मी नव्हे बुवा, असा चेहरा करून डोळे वटारून ताठ बसून राहते. पाच वर्षांच्या मुलाला ही गोष्ट फार आवडते, कारण ती त्याला स्वतः मोजता येते. गणपतीत घर भरलेले असताना सांगितली तर आतेमामे भावंडांना ओळीत बसवून मोजायलाही लावता येईल.

तोनो परिसरातल्या एका प्राथमिक शाळेची हकीकतही त्याच्या वयाला योग्य आहे : तिथे झाशिकी-वाराशी मुलांत मिसळून खेळत असे, पण ते फक्त पहिलीतल्या मुलांना दिसे, वरच्या वर्गातल्यांना आणि मास्तरांना कितीही दाखवले तरी दिसत नसे. अळंबीची कथा दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर सांगावी. पावसाळ्यात अनोळखी अळंबी कोणी गड्याने सांगितले म्हणून खायची नाहीत, हेही त्यात आपोआप येते. उखळाखालच्या मुलांविषयी मात्र तो स्वतः विचारेल तेव्हा बोलावे, आणि विचारले तर टाळू नये.